अवजाराचा नकार

निर्मात्यावर उलटलेल्या निर्मितीची कथा आपल्याकडे इतकी जुनी आहे, की ती कानावर पडताच आपण मनातल्या मनात निवाडा देऊन मोकळे होतो. शंकराने वर दिला आणि भस्मासुर त्याच्याच मस्तकावर हात ठेवायला धावला. ब्रह्मदेवाने वर दिला आणि महिषासुराने देवांनाच स्वर्गातून हुसकून लावले. तुळजापुरी भवानीच्या गाभाऱ्यात, त्या अष्टभुजा महिषासुरमर्दिनीसमोर हात जोडून उभ्या असलेल्या भक्ताला, वर मागणाऱ्याबरोबर वर देणाऱ्याचीही चौकशी व्हायला हवी, असे कधी वाटत नाही. आरोप एकच, कृतघ्नतेचा. आणि आरोपीचा वध सुनावणीपूर्वीच झालेला. वास्तविक त्याच कथेत निर्मितीचा दुसराही एक प्रकार आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. देवीदेखील देवांच्या एकवटलेल्या तेजातूनच प्रकट झाली, प्रत्येक देवाने आपापले शस्त्र तिच्या हाती दिले, आणि कार्यभाग उरकल्यावर त्यांच्यापैकी एकानेही तिच्यावर मालकी सांगितली नाही; उलट हात जोडून तिची स्तुती केली. निर्मिती निर्मात्याहून मोठी झाली तर निर्मात्याने काय करावे, याचा हा दाखला आपल्या घरचाच आहे. व्यवहारात तो कोणी दाखल करीत नाही, एवढेच.

या विचाराला निमित्त झाला तो एक जपानी चित्रपट. हिदेआकी आन्नो या दिग्दर्शकाचा ‘शिन कामेन रायडर’ 2023 साली प्रदर्शित झाला. त्याचे मूळ शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराने कल्पिलेल्या आणि 1971 साली दूरचित्रवाणीवर अवतरलेल्या मुखवटाधारी स्वाराच्या कथेत आहे. याच इशिनोमोरीने त्यापूर्वी, 1964 पासून, शस्त्रांच्या व्यापाऱ्यांनी पळवून नेऊन अर्धयंत्र बनवलेल्या आणि मग त्या व्यापाऱ्यांवरच उलटलेल्या नऊ माणसांची चित्रकथा लिहायला घेतली होती. म्हणजे ही कल्पना त्याच्या मनात पुष्कळ काळ घर करून होती असे दिसते. चित्रपटाचा नायक ताकेशी होंगो याला ‘शॉकर’ नावाची एक गुप्त संघटना पळवून नेते आणि त्याच्या देहावर शस्त्रक्रिया करून त्यात नाकतोड्याचे बळ भरते. त्याच्या मनावरही संघटनेचा ताबा बसायचा तेवढा राहतो, कारण ज्याने त्याला घडवले त्याच प्राध्यापक मिदोरिकावाला पश्चात्ताप होऊन तो त्याला बाहेर काढतो. पाठलाग करणाऱ्या पहिल्याच टोळीशी होंगोची गाठ पडते, आणि त्याच्या एकेका ठोशासरशी माणसे रक्ताच्या चिळकांड्या उडवीत कोसळतात. झुंज संपल्यावर तो हातमोजा काढून स्वतःचा पंजा न्याहाळतो. तो पंजा आता त्याचा नाही, आणि त्याने आत्ताच जे केले ते मात्र त्याचेच आहे. मुलांच्या करमणुकीसाठी जन्माला आलेल्या आणि ज्यातील जादूचा कमरपट्टा खेळणे म्हणून बाजारात अमाप खपला अशा कथेत हे दृश्य यावे, याचे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते. पण या दृश्यावाचून उरलेली कथा निव्वळ मारामारी ठरली असती.

दिग्दर्शकाने त्यात आणखी दोन गोष्टी घातल्या आहेत. एक अशी, की होंगोचा मुखवटा त्याचे रक्षण करतो तसाच, तो चेहऱ्यावर असेपर्यंत, त्याच्यातील हिंसेची प्रेरणाही चेतवतो. मुखवटा उतरवल्यावर त्याला आपल्या कृत्याची शरम वाटू लागते. दुसरी अशी, की होंगोचा पिता पोलीस होता, आणि एका माथेफिरूपुढे हातातले बळ वापरण्याऐवजी त्याची समजूत घालायला गेल्यामुळे तो मुलाच्या डोळ्यांदेखत मारला गेला. बळ नसले तर मरण, आणि बळ वापरले तर बळ देणाऱ्याचाच हेतू आपल्या हातून सिद्धीस जाणार, अशा कात्रीत हा नायक सापडला आहे. मेरी शेलीच्या 1818 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून युरोपातील लेखकांनी अशा कथांत निर्मात्याच्या गर्वाची झाडाझडती घेतली, माणसाने माणूस घडवावाच का, हा त्यांचा प्रश्न होता. जपानी लेखकाचा प्रश्न याहून व्यावहारिक आणि म्हणून अधिक अस्वस्थ करणारा आहे: घडवून तर झाले, आता घडलेल्याने काय करावे?

माझे म्हणणे असे, की ‘उलटणे’ या एकाच सदरात आपण दोन अगदी विरुद्ध गोष्टी कोंबतो. भस्मासुराने वर देणाऱ्याचा हेतू धुडकावला नव्हता. भस्म करण्याचे सामर्थ्य त्याला मिळाले आणि ते त्याने अधिक एकनिष्ठेने, समोर कोण आहे हे न पाहता, पुढे चालवले. हे अवजाराचे बेफाम होणे होय. होंगो जे करतो ते वेगळे आहे: ज्या कामासाठी आपल्याला बळ दिले ते काम करायला तो नकार देतो, आणि बळ परत करता येत नाही म्हणून ते अंगावर वागवीत राहतो. बेफाम अवजार मालकाला धोकादायक वाटते खरे, परंतु त्या दोघांची जात एकच असते. नकार देणारे अवजार मात्र त्या क्षणापुरते अवजारच राहत नाही. हा भेद केवळ कल्पनाविलास वाटू नये म्हणून धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातले एक प्रकरण येथे उलगडून पाहणे इष्ट ठरेल.

कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा या जिल्ह्यातला तालुका होता. ते वेगळा जिल्हा झाले 1982 साली. अलीगढहून कायदा शिकून आलेला, वाणीने प्रभावी असा हा गृहस्थ मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या 1927 साली स्थापन झालेल्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि तिच्या रझाकार स्वयंसेवकांचा सेनापती म्हणून मिरवू लागला. हैदराबादच्या निजामाने रझाकार दल फर्मान काढून स्वतः उभारले नव्हते, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद केले पाहिजे. परंतु दरबाराने त्याला आसरा दिला, त्याच्या हातात शस्त्रे येऊ दिली, आणि संस्थानच्या पोलीसखात्याने त्याच्या लुटीकडे व जाळपोळीकडे पाठ फिरवली. कारण हिंदुस्थानात विलीन होण्याची मागणी करणाऱ्या प्रजेला धाकात ठेवायला असे एक अवजार, ज्याची जबाबदारी अंगावर घ्यावी लागत नाही, हुजुरांना सोयीचे होते. शिवाय मजलिसची एक तत्त्वप्रणाली होती. संघटनेचे पूर्वीचे नेते बहादूर यार जंग यांच्या काळापासून तिचे म्हणणे असे, की राज्याचे सार्वभौमत्व वस्तुतः मुसलमान जमातीचे आहे आणि निजाम हा त्याचे केवळ प्रतीक होय. आपले सिंहासन बळकट करणारा सिद्धान्त म्हणून हुजुरांनी तो कौतुकाने ऐकून घेतला असणार. त्या सिद्धान्तात आपल्याला प्यादे करून ठेवले आहे, हे त्यांच्या ध्यानात बहुधा उशिरा आले.

ते ध्यानात आले 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे. दिवाण छत्तारीचे नबाब, घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद हे भारताशी व्हायच्या जैसे थे कराराच्या कामी दिल्लीला निघायचे होते. निजामाच्या कार्यकारी मंडळाने त्या कराराला संमती दिली होती आणि खुद्द निजामाचीही अनुकूलता होती. त्या पहाटे हजारोंच्या जमावाने या मुत्सद्द्यांची घरे वेढली आणि त्यांना बाहेर पडू दिले नाही. शिष्टमंडळ गेले नाही. छत्तारींनी दिवाणगिरी सोडली. नवे शिष्टमंडळ नेमले गेले आणि पुढे मीर लायक अली दिवाण झाले. करार अखेर 29 नोव्हेंबरला झाला, परंतु दरम्यान हैदराबादेत हुकूम कोणाचा चालतो हे सर्वांना कळून चुकले होते. वर्षभराच्या आतच, 13 सप्टेंबर 1948 रोजी, भारतीय सेना सोलापूरकडून शिरली, पहिल्याच दिवशी नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल तिच्या ताब्यात आले, आणि पाचव्या दिवशी, 17 सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. मग 23 सप्टेंबरला त्याने आकाशवाणीवरून जे भाषण केले त्यात अशी तक्रार होती, की एका छोट्या गटाने निमलष्करी संघटना उभारून माझ्या दिवाणाच्या व सल्लागाराच्या घरांना वेढा घातला, माझ्या विश्वासू मंत्र्यांना राजीनामे द्यायला लावले आणि लायक अलींचे मंत्रिमंडळ माझ्यावर लादले.

ही तक्रार खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती विशेष बोधक आहे. जगातील त्या काळच्या अतिश्रीमंतांत गणला जाणारा, ज्याच्या नावाने या जिल्ह्याच्या ठाण्याला उस्मानाबाद म्हणत होते असा संस्थानिक, आपण आपल्याच आश्रिताचे बंदी होतो असे जगाला सांगत होता. भस्मासुराच्या कथेतील शंकराची हीच कैफियत. परंतु रझाकारांनी निजामाचा कोणता हेतू मोडला, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. प्रजेने गप्प बसावे, राज्य स्वतंत्र राहावे, आणि त्यासाठी कोणाचे घर जळाले तर त्याची पृच्छा होऊ नये, हे जे दरबाराला संकोचाने हवे होते, ते त्यांना निःसंकोच हवे होते. मालकाचा संकोच अवजाराला देता येत नाही. हेतू तेवढा देता येतो. निजामाला भोवला तो रझवीचा विश्वासघात नसून त्याची निष्ठा होती, असे मी म्हणेन, आणि ते चमत्कृतीसाठी म्हणत नाही. त्या वर्षातला घटनाक्रम दुसऱ्या कोणत्याही रीतीने नीट उलगडत नाही.

नकार कसा असतो हेही त्याच संस्थानाने दाखवले. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली उर्दू माध्यमाने सुरू झाले ते राज्याला स्वतःच्या मुशीतला अंमलदारवर्ग मिळावा या दृष्टीने. त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत 1938 साली विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, बडतर्फी स्वीकारली, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यातलेच एक. आपल्या जिल्ह्यात हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, अध्यापन करीत होते. सरकारी नोकरीचा साचा नाकारणारी मुले घडवणे हेच त्या शाळेचे प्रयोजन, आणि तिच्यातून पुढच्या मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले. मला त्याहूनही मार्मिक वाटते ते वकिलांचे. रझवी हा वकील होता हे वर आलेच. 1948 साली रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून संस्थानातील कित्येक वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकला. काळा डगला तोच, कायद्याचे शिक्षण तेच, ज्या राजवटीच्या सनदेवर पोट भरायचे ती राजवटही तीच. एकाने ते सारे घेऊन हुजुरांच्या पुढे धाव घेतली, दुसऱ्यांनी तेच सारे घेऊन कचेरीची पायरी चढायचे नाकारले.

येथपर्यंत कथा मराठी वाचकाला सुखावणारी आहे, आणि 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाची भाषणे साधारणपणे येथेच थांबतात. परंतु होंगोचा मुखवटा आपण विसरता कामा नये. सैन्य आल्यावर रझाकार पळाले, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. त्याच वर्षाअखेरीस केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे पथक संस्थानात फिरले. त्यांच्या अहवालात सर्वाधिक होरपळलेले म्हणून चार जिल्हे सांगितले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड, आणि या चारांत मिळून मेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नसावी, असा त्यांचा अंदाज आहे. तो अहवाल दशकानुदशके दप्तरात पडून राहिला. नकार देण्यासाठी उचललेले बळ नकार संपल्यावर खाली ठेवता आले नाही, हे आपल्याच जिल्ह्यात घडले. रझाकारी जुलमाचा उल्लेख करून त्याचे समर्थन करणारे मला भेटले आहेत. त्यांच्या जखमा खऱ्या होत्या, पण ज्याचे घर जाळले तो रझाकार नव्हता, एवढ्या एका वाक्यापुढे तो युक्तिवाद टिकत नाही. जपानी चित्रपटातला नायक झुंजीनंतर आपले हात पाहतो. आपण ते दप्तर बांधून ठेवले.

आता निर्मात्याच्या बाजूकडे वळू, कारण या चित्रपटातला सर्वांत धूर्त भाग तेथे आहे. 1971 च्या मूळ कथेत ‘शॉकर’ ही जग जिंकू पाहणारी टोळी होती. आन्नोने तिला मानवाच्या सुखाची संघटना केले आहे. एका अतिधनिकाने घडवलेल्या कृत्रिम बुद्धीने असा निष्कर्ष काढलेला असतो, की जे अत्यंत निराशेत बुडाले आहेत त्यांना सुख मिळवून देणे हेच मानवजातीचे खरे कल्याण. आणि त्या कल्याणासाठी माणसांचे देह बदलले जातात. हेतू वाईट नाही, अशी सबब येथे आधीच तयार आहे. ही सबब आपल्या परिचयाची आहे. तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? विठ्ठलाच्या नामात देहभान हरपून ते चिखल तुडवीत होते आणि त्या चिखलात त्यांचे स्वतःचे रांगते लेकरू तुडवले गेले. कीर्तनकार येथे तल्लीनतेचे वर्णन करतात आणि ते योग्यच आहे. पण त्या आख्यायिकेत गोरोबांची पत्नीही आहे, आणि ती जो आकांत करते त्यात तल्लीनतेला काडीचीही किंमत नाही. पुढे पांडुरंग ते लेकरू परत देतो. ज्या चिखलातून लेकरू परत येत नाही, तेथे तो आकांत कोणी ऐकायचा?

असा चिखल आपल्याकडे आजही आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत, बीड जिल्ह्यात आणि आपल्याकडच्या भूम, वाशी, परंडा, कळंब या तालुक्यांत, दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे अंधारात फडात उतरायचे, बुडख्याला वाकून ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, वाढे वेगळे करायचे, मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि एका फळीवरून तोल सावरीत वाहनावर चढवायची. रात्री वाहन आले तर रात्री. कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतल्यावर पाणी, सरपण आणि चूल बायकोचीच. एक दिवस आजारपणात गेला तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. पाळीच्या दिवसांत कामाला खंड पडू नये, फडात ना आडोसा ना संडास, अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला की खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते. आणि विशी-तिशीतल्या बायका गर्भाशय काढून घेतात. 2019 साली हा प्रकार गाजल्यावर राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांच्यापैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘शॉकर’च्या शस्त्रक्रियागृहाहून ही शस्त्रक्रिया निराळी कशी, असा प्रश्न मला पडतो. तेथे कामासाठी देहात काही घातले जाते; येथे कामाच्या आड येते म्हणून देहातून काही काढले जाते.

निराळेपण एकच दिसते, आणि ते निर्मात्यांच्या सोयीचे आहे. चित्रपटात संघटनेला नाव आहे, इमारत आहे, प्रमुख आहे. होंगोला कोणावर उलटायचे ते ठाऊक आहे. येथे कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी कोणाला दवाखान्यात पाठवले नाही. आणि डॉक्टरांच्या कागदावर बाईचा अंगठा असतो. कोणी बळजबरी केलेली नाही, सगळे तिच्या संमतीने झाले आहे. निजामाला निदान रझवी कोण हे ठाऊक होते आणि रझवीला निजाम. ऊसतोडीच्या त्या बाईला आपला निर्माता शोधून सापडत नाही, म्हणून तिचा नकार फार तर एकाच रूपात प्रकटतो: उचल घेतलेले जोडपे एका रात्री कोपी मोडून, पोरे आणि भांडी घेऊन, फड सोडून निघून जाते. त्या पळून जाण्याची मात्र दखल तातडीने घेतली जाते. मुकादम गाव गाठतो, भावाला किंवा सासऱ्याला धरतो, आणि प्रकरण पोलिसांत गेलेच तर कागदावर शब्द पडतो तो फसवणुकीचा. फिर्यादी ठरतो पैसे देणारा, आणि जिच्या पोटावर टाके आहेत तिचे नाव आरोपीच्या रकान्यात, नवऱ्याच्या नावाखाली लिहिले जाते.